‘ट्रँक्विलिटी बेस’मध्ये समीक्षकांना असं काय ऐकू आलं, जे मला येत नाहीये?

उनाड_दुपार

मंडळी, जरा डोकं खाणार आहे.

आर्क्टिक मंकीज या ब्रिटिश बँडकडे मी ‘एएम’ या अल्बममुळे आलो, २०१३ चा तो. ‘डू आय वॉना नो’ची गिटार सुरू झाली की अजूनही मान आपोआप हलते. मग मागे जाऊन २००६ चा पहिला अल्बम ऐकला. तोही आवडला, भन्नाट वेग आहे. त्यानंतर मोठ्या उत्साहाने ‘ट्रँक्विलिटी बेस हॉटेल अँड कसिनो’ लावला आणि तिसरं गाणं येईपर्यंत मी फोन चाळायला लागलो होतो. पियानो टिंगटिंग करतोय, गायक अॅलेक्स टर्नर तंद्रीत बडबडतोय, ड्रम्स शेजारच्या खोलीत ठेवलेत. हे गाणं सुरू कधी होणार म्हणून वाट बघत बसलो तर ते संपून पुढचं लागलं होतं.

बरं, मला नाही आवडला, विषय संपला असं म्हणून सोडून दिलं असतं. पण परवा सहज त्याची परीक्षणं वाचायला घेतली तर बहुतेक ठिकाणी कौतुक. ब्रिटनच्या मर्क्युरी पुरस्काराच्या यादीत होता, ग्रॅमीचं नामांकनही होतं. आणि त्याच परीक्षणांच्या खाली श्रोते तोंडाला येईल ते लिहितायत. ‘बँडला कुणीतरी गिटार परत द्या’ या छापाचं. मध्ये कुणीच नाही. एक तर महान, नाहीतर झोपेची गोळी.

तर प्रश्न असा की समीक्षकांना यात नेमकं काय सापडलं? की आवडला म्हटलं नाही तर आपण अडाणी ठरू या भीतीने सगळ्यांनी माना डोलावल्या?

एक विनंती. ‘ऐकत राहा, हळूहळू चढेल’ हे उत्तर नको. सवय लागली की काहीही चढतं. कुठल्या गाण्यात, कुठल्या वाद्यात, काय ऐकायचं ते सांगा.

---

खडूस_श्रोता

नावातच हॉटेल आहे. आत शिरल्यावर लॉबीतलं संगीत वाजणारच, तक्रार कसली करतोस? मी चार गाण्यांनंतर खोली सोडली.

---

बेसवाली

उनाड, प्रश्न नीट विचारलायस म्हणून उत्तरही नीट देते. लांबलचक होणार आहे. मी बेस वाजवते, त्यामुळे माझे कान कायम खालच्या सुरांकडे लागलेले असतात, हे आधीच सांगून ठेवते.

आधी हा अल्बम झाला कसा ते बघ. तुझ्या निम्म्या तक्रारीचं मूळ तिथे आहे. टर्नरला तिसाव्या वाढदिवसाला त्यांच्या मॅनेजरने स्टाइनवेचा उभा पियानो भेट दिला. लॉस एंजेलिसच्या घरी तो पियानोवर बसून लिहायला लागला आणि तिथेच टास्कॅमच्या आठ ट्रॅकच्या टेप मशीनवर रेकॉर्ड करायला लागला. आता गिटारवर लिहिणारा माणूस आधी रिफ, म्हणजे गिटारची छोटीशी चाल, शोधतो. रिफ सापडली की ती परत परत वाजते आणि शब्दांना तिच्या मापात बसावं लागतं. ‘एएम’ सगळा तसा आहे, म्हणून तर शब्द माहीत नसलेला माणूसही ती गाणी गुणगुणू शकतो. पियानोवर तसं होत नाही. हाताखाली कॉर्ड सरकत राहतात, तोंड मोकळं असतं, आणि टर्नरसारख्या बोलक्या माणसाचं तोंड मोकळं सोडलं की ओळी लांबतच जातात. ज्याला तू बडबड म्हणतोस ती तीच. घरी एकट्याने गायलेले काही टेक तर त्याने अंतिम अल्बममध्ये तसेच ठेवलेत. बाकीचा बँड नंतर आला, पॅरिसजवळच्या ला फ्रेट स्टुडिओत, निर्माता जेम्स फोर्डच्या हाताखाली.

थोडक्यात, तू ड्रम्स आणि गिटारची वाट बघत बसलास आणि या गाण्यांचा कणा आहे आवाज आणि बेस. ‘स्टार ट्रीटमेंट’ परत लाव, फक्त बेस वाजवणाऱ्या निक ओमॅलीकडे लक्ष दे. गाणं जवळजवळ सहा मिनिटांचं, लक्षात राहील असा दणदणीत कोरस नाही, टर्नर पहिल्याच ओळीत सांगून टाकतो की आपल्याला खरं तर स्ट्रोक्स या बँडमधला एक व्हायचं होतं. आणि या सगळ्या कबुलीजबाबाखाली चाल पुढे नेण्याचं काम बेस करतोय. मी सोबत वाजवायला बसले तेव्हा कळलं की सूर अवघड नाहीत, मधल्या जागा अवघड आहेत. कुठे हात उचलायचा, कुठला सूर अर्ध्यात दाबायचा. ‘एएम’मध्ये बेस आणि गिटार बऱ्याचदा एकत्रच चालतात. इथे बेसला कुणाचाच आडोसा नाही.

दुसरं, ‘वन पॉइंट पर्स्पेक्टिव्ह’. सुरुवातीला पियानो एकाच ठिकाणी टोचत राहतो. टर्नर कुठून कुठे जातो, निवडणुकीला उभं राहण्याच्या गोष्टी करतो, आणि मध्येच म्हणतो, थांब रे, मी काय बोलत होतो ते विसरलो. आणि शब्द खरोखर थांबतात, गिटार पुढे येते. ही जागा मला फार आवडते. एखादा लेखक पात्र गोंधळलंय असं लिहून मोकळा झाला असता. इथे गाणंच गोंधळतं. समीक्षकांना काय सापडलं म्हणतोस ना, असल्या जागा सापडल्या.

तिसरं ‘फोर आउट ऑफ फाइव्ह’. अख्ख्या अल्बममध्ये ‘एएम’च्या जवळचं काही असेल तर हे. चंद्रावर हॉटेल आहे (ट्रँक्विलिटी बेस म्हणजे १९६९ साली अपोलो ११ उतरलं ती जागा), त्याच्या गच्चीवर टाको मिळण्याचं ठिकाण निघालंय, आणि त्याला पाचपैकी चार तारे मिळालेत. त्या ठिकाणाचं नाव ‘इन्फर्मेशन-अॅक्शन रेशो’. ही कल्पना नील पोस्टमन या अमेरिकन अभ्यासकाच्या १९८५ च्या पुस्तकातली: दिवसभर जेवढी माहिती आपल्यावर आदळते, तिच्यातल्या किती माहितीवर आपण खरंच काही करू शकतो? दूरचित्रवाणीबद्दल लिहिलेली गोष्ट उचलून याने खानावळीच्या पाटीवर लावली. शेवटाकडे पट्टी वर वर चढत जाते आणि हॉटेलात येऊन राहण्याचं तेच आमंत्रण तो देतच राहतो. जाहिरातीची थट्टा करता करता गाणं स्वतःच जाहिरात होऊन बसतं.

आता तुझा दुसरा प्रश्न, माना डोलावण्याचा. मला तसं वाटत नाही, पण थोडं पाणी मुरतंय हे खरं. ‘एएम’नंतर पाच वर्षं गेली होती. समीक्षकांच्या टेबलावर ‘एएम भाग दोन’ येणार याची सगळ्यांना खात्री होती, आणि ज्याला आठवड्याला ढीगभर अल्बम ऐकावे लागतात त्याला भाग दोनचा कंटाळा असतो. त्यामुळे कुणी मुद्दाम उलट्या दिशेला गेलं की नुसत्या धाडसाचेच गुण पडतात. माझ्या मते या अल्बमला तसे गुण जरा जास्तच पडले. ‘सायन्स फिक्शन’नंतर तो ढेपाळतो. ‘शी लुक्स लाइक फन’ मला आजतागायत सहन होत नाही, त्यातली ती आरडाओरड उगीच आणून चिकटवलेली वाटते. शेवटचं ‘द अल्ट्राचीझ’ मात्र सुंदर आहे, तिथवर पोचायला धीर हवा.

श्रोत्यांना राग का आला, याचं माझ्या मते एक साधं कारण आहे आणि ते फारसं कुणी बोलत नाही. ११ मे २०१८ ला अल्बम आला त्याआधी त्यांनी एकही गाणं सोडलं नव्हतं. ‘फोर आउट ऑफ फाइव्ह’चा व्हिडिओसुद्धा नंतर आला. म्हणजे ‘एएम’मधलं ‘आर यू माइन’ डोक्यात घेऊन बसलेला माणूस थेट ‘स्टार ट्रीटमेंट’वर आदळला. आधी महिनाभर एखादं गाणं कानावर पडलं असतं तर लोकांनी मनाची तयारी तरी केली असती.

---

खडूस_श्रोता

ताई, बेसबद्दलचं मान्य. पण एक सांगा, हाच अल्बम कुणा नवख्या पोराने काढला असता तर या समीक्षकांनी दोन ओळी तरी लिहिल्या असत्या का? ते गाण्यांचं परीक्षण नव्हतंच. आर्क्टिक मंकीज असं कसं करू शकले, या बातमीचं परीक्षण होतं.

आणि कुणी विक्रीचे आकडे काढण्याआधी मीच काढतो. ब्रिटनमध्ये पहिल्या आठवड्यात पहिला क्रमांक, त्यांचा सलग सहावा. व्हायनिलच्या सुमारे २४,५०० प्रती एका आठवड्यात, २५ वर्षांत तिथे इतक्या वेगाने कुणाची व्हायनिल खपली नव्हती. जबरदस्त! पण ताईंनीच सांगितलं की आधी एकही गाणं बाहेर नव्हतं. मग ही विक्री कशाची? आत काय आहे हे माहीत नसताना लोकांनी पैसे मोजले. ती ‘एएम’ची पुण्याई.

अजून एक. आता कुणीतरी येऊन रेडिओहेड या बँडचा ‘किड ए’ काढेल. २०००, एकही सिंगल (वेगळं सोडलेलं गाणं) नाही, लोकांना कळला नाही, नंतर सगळ्यांनी डोक्यावर घेतला. गेली कित्येक वर्षं प्रत्येक कंटाळवाण्या अल्बमच्या वकिलाकडे हा एकच साक्षीदार आहे. जे अल्बम लोकांना तेव्हा नाही आवडले आणि नंतरही नाही आवडले, त्यांची नावं कुणी घेत नाही, कारण ती आठवतच नाहीत.

---

जुनी_कॅसेट

‘किड ए’ काढणार नाही, खडूसराव. मी या बँडच्याच घरातलं उदाहरण देतो.

२००९ साली ‘हमबग’ आला तेव्हा हेच भांडण झालं होतं, शब्दसुद्धा हेच. संथ आहे, अंधारा आहे, कोरस कुठे गेले, अमेरिकेच्या वाळवंटात जाऊन पोरं बिघडली. क्वीन्स ऑफ द स्टोन एज या अमेरिकन बँडचा जॉश होम निर्माता होता, सगळं खापर त्याच्यावर. आज तोच ‘हमबग’मधला ‘कॉर्नरस्टोन’ सुरू झाला की अख्खं मैदान गातं. आणि उनाड, तुला ज्या ‘एएम’ने वेड लावलं त्यातल्या जड, रेंगाळणाऱ्या गिटारी आल्या कुठून? ‘हमबग’मधून. ‘एएम’मध्ये होम पाहुणा म्हणून गायलाही आहे. तेव्हा शिव्या खाल्लेल्या अल्बमचं व्याज तू खातोयस.

पण मला दुसरी बाजूही सांगायची आहे, कारण २००६ पासून ऐकणाऱ्यांचा राग बेसवालीने जरा लवकर निकालात काढला. नुसतं सिंगल नव्हतं म्हणून तो राग नव्हता. पहिला अल्बम आला तेव्हा ब्रिटनमध्ये पहिल्याच आठवड्यात ३,६३,७३५ प्रती गेल्या. इतक्या का गेल्या? शेफील्डची विशीतली पोरं शेफील्डच्याच बोलीत गात होती. क्लबच्या दारावर आत न सोडणारा दांडगा, रात्री घरी जायला टॅक्सी मिळवण्याची मारामारी. ऐकणाऱ्याला वाटायचं, अरे हे तर आपल्याच शनिवारबद्दल आहे. त्याच माणसाने २०१४ च्या ब्रिट पुरस्कारांत ‘एएम’साठी बक्षीस घेताना रॉक अँड रोल कधी मरत नाही यावर लांबलचक भाषण ठोकलं आणि वर माइक खाली टाकून त्याचं बिल मला पाठवा म्हणाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुढचा अल्बम आला तर हे महाशय चंद्रावरच्या हॉटेलात पियानो वाजवतायत.

मला स्वतःला अल्बम आवडतो. पण ज्याला तो दगा वाटला त्याला मी ‘तुला कळलं नाही’ असं म्हणणार नाही. त्याला पुरेपूर कळलंय. ज्या गाण्यांत तो स्वतःला बघत होता, त्यातून त्याला उठवून लावलंय. समीक्षकाला कुठल्याच अल्बममध्ये स्वतःचा शनिवार सापडण्याची गरज नसते, म्हणून त्याला हा बदल आनंदाने बघता येतो.

तरी लोक बदलतात हेही खरं. वीझर या अमेरिकन बँडचा ‘पिंकर्टन’ १९९६ मध्ये आला. रोलिंग स्टोन मासिकाच्या वाचकांनी त्याला वर्षातल्या सर्वांत वाईट अल्बमांमध्ये टाकलं. काही वर्षांनी त्याच मासिकाच्या वाचकांनी त्याला आजवरच्या उत्तम अल्बमांच्या यादीत नेऊन बसवलं. मधल्या काळात त्या टेपला कुणी हात लावला नव्हता.

---

खडूस_श्रोता

कॅसेटकाका, ‘व्याज खातोयस’ हे जिव्हारी लागलं, आणि मी तर ‘एएम’वालाही नाही. पण ‘हमबग’मध्ये गाणी होती हो. ‘क्राइंग लाइटनिंग’ला रिफ आहे, कोरस आहे. इथे काय गुणगुणायचं?

---

बेसवाली

काका, २००६ वाल्यांबद्दलचं पटलं.

खडूस, नवख्या पोराचा मुद्दा मला अर्धाच मान्य आहे. नाव मोठं म्हणून लिहिलं गेलं, हो. पण नाव मोठं म्हणूनच शिव्याही पडल्या. हाच अल्बम टर्नरने स्वतःच्या एकट्याच्या नावावर काढला असता तर कुणीही चिडलं नसतं. ‘सबमरीन’ सिनेमासाठी २०११ मध्ये त्याने एकट्याने हळुवार गाणी केली, कुणी म्हणालं का गिटार परत द्या? माइल्स केनबरोबरच्या लास्ट शॅडो पपेट्स या दुसऱ्या बँडमध्ये २००८ पासून व्हायोलिनांचा ताफा घेऊन जुन्या सिनेमांच्या वळणाची गाणी गातोय, तेव्हाही सगळे खूश. म्हणजे हा आवाज त्याच्यात आधीपासून होता आणि लोकांना चालतही होता, फक्त तो दुसऱ्या पाटीखाली होता. भांडण सूर-तालाचं जेवढं आहे तेवढंच पाटीचं आहे. आणि पाटीचा राग खोटा नसतो. मॅट हेल्डर्ससारखा ड्रमर बँडमध्ये असताना त्याला इतकं दबून वाजवायला लावायचं, यावर मीही चडफडले आहे.

बाकी तो विक्षिप्तपणाचा झटका होता म्हणावं, तर २०२२ चा ‘द कार’ बघ. त्याच रस्त्याने पुढे गेलेत, तंतुवाद्यं वाढलीत, पण ‘बॉडी पेंट’च्या शेवटी गिटार अशी काही उसळते की तुझ्यासारख्याचंही समाधान व्हावं.

उनाड, तुला करण्यासारखं एक सांगते. स्टुडिओचा अल्बम सध्या बाजूला ठेव. २०१८ च्या जूनमध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये त्यांनी कार्यक्रम केला होता, त्याचं ध्वनिमुद्रण २०२० च्या डिसेंबरमध्ये वॉर चाइल्ड संस्थेच्या मदतीसाठी बाजारात आलं. सुरुवातच ‘फोर आउट ऑफ फाइव्ह’ने, आणि त्याला लागूनच त्यांचं जुनं, सुसाट ‘ब्रायनस्टॉर्म’. दोन्ही टोकं शेजारी शेजारी. तिथे हेल्डर्स दबून वाजवत नाही. ती नवी गाणी जुन्या गाण्यांच्या गर्दीत उभी राहतात की पडतात ते स्वतःच्या कानाने ठरव. ‘वन पॉइंट पर्स्पेक्टिव्ह’ त्यात ‘५०५’ संपल्यावर येतं. ‘५०५’नंतर कुठलंही गाणं बिचारंच वाटतं, तेवढी सूट दे.

---

उनाड_दुपार

सगळ्यांचे आभार, विशेषतः बेसवालीताईंचे. अल्बर्ट हॉलवालं काल रात्री हेडफोन लावून ऐकलं.

‘फोर आउट ऑफ फाइव्ह’ आवडलं. पट्टी चढते ती जागा सांगितली नसती तर माझ्या लक्षातही आली नसती, आता तिथेच परत परत जातोय. पोस्टमनचं माहीत नव्हतं. फोन चाळत चाळत मी ज्याला कंटाळवाणं म्हणत होतो, ते गाणं फोन चाळण्याबद्दलच निघावं, हे जरा अतिच झालं. ‘वन पॉइंट पर्स्पेक्टिव्ह’मध्ये मुद्दा विसरण्याची जागा ऐकली, हसू आलं. ‘स्टार ट्रीटमेंट’मध्ये फक्त बेसकडे लक्ष द्यायचा प्रयत्न केला, तीन मिनिटं जमलं, मग लक्ष उडालं. ताई, सहा मिनिटं फारच होतात हो.

स्टुडिओच्या अल्बमच्या उत्तरार्धाबद्दल मात्र मी खडूसबरोबर आहे. ‘बॅटफोन’ला डुलकी लागली. आणि काका, दगा वगैरे मला वाटला नव्हता, मी २००६ ला ऐकतच नव्हतो. मला फक्त कंटाळा आला होता, आणि कंटाळ्याला इतका मान देऊन कुणी समजावून घेईल असं वाटलं नव्हतं.

‘द कार’ आज लावतोय. सरळ ‘बॉडी पेंट’पासून सुरू करू की पहिल्या गाण्यापासून? खडूस, तू ऐकलायस का तो, की त्याचीही खोली चार गाण्यांत सोडलीस?

---

खडूस_श्रोता

सात ऐकली. सरळ ‘बॉडी पेंट’ लाव.